सवतीचं थडगं

इर्मा कोसाकने दुसरं लग्न केलं ते एका थडग्यासाठी. लोक पैशासाठी लग्न करतात, आमच्या बर्लिनमध्ये तर स्वतंत्र न्हाणीघराची जागा मिळावी म्हणूनही लग्नं लागलेली मला ठाऊक आहेत. पण नवऱ्याच्या मेलेल्या बायकोच्या थडग्यावर डोळा ठेवून बोहल्यावर चढलेली बाई मी जन्मात एकच पाहिली. ती आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. मी तळमजल्यावर. जिने धुणं, किल्ल्या सांभाळणं आणि शिडीला साखळी घालणं ही माझी कामं.

शिडीला साखळी कशाला, असं हल्लीची पोरं विचारतात. आमचं घर शहराचे दोन तुकडे करणाऱ्या त्या भिंतीला लागून होतं म्हणून. शिडी मोकळी सापडली तर पोलीस आधी मला धरणार. कपडे वाळवायची दोरीसुद्धा रोज सोडून आत आणावी लागे. आमच्याकडे यायचं तर पाहुण्याला परवाना लागे, डॉक्टरला लागे, नळ दुरुस्त करणाऱ्याला लागे. माझा नवरा तापाने फणफणला होता तेव्हा डॉक्टर नाक्यावर कागद दाखवत उभा आणि हा इथे बरळतोय. चोर मात्र आमच्या गल्लीत कधी आला नाही. त्यालाही परवाना कोण देणार?

भिंत एका रात्रीत उभी राहिली असं सांगतात ते अर्धंच खरं आहे. एकसष्ट सालच्या ऑगस्टमधल्या त्या रविवारी सकाळी नुसती काटेरी तार होती आणि तिच्या पलीकडची माणसं दोन हातांवर होती. बोलता येत होतं. मग तारेच्या जागी ठोकळे आले. मग समोरच्या घरांच्या दारखिडक्या विटांनी बुजवल्या, माणसं काढली, शेवटी घरंही पाडली. मग वाळू टाकली, दिवे लावले, कुत्री आणली, अलीकडून आणखी एक कुंपण घातलं. घरातलं दुखणं वाढत जातं तशी ती भिंत वाढत गेली, आणि आम्ही प्रत्येक वेळी म्हणायचो, बस, आता याच्या पुढे काय करणार आहेत. दर वेळी ते पुढे काहीतरी करत.

इर्माची मुलगी मार्लीस त्या रविवारी पलीकडे होती. एकोणीस वर्षांची पोर, पलीकडे वेडिंगमध्ये एका केशकर्तनाच्या दुकानात काम करायची. शनिवारी नाचायला गेली आणि गिट्टा नावाच्या मैत्रिणीकडे झोपली. सकाळी उठली तर मधे तार. ती परत आली नाही. मी तिला दोष देत नाही, मीही आले नसते. पण आमच्या सरकारच्या लेखी ती पळून गेलेली ठरली. इकडे पाऊल टाकलं की तुरुंग. आणि इर्माला तिकडे जायचं तर साठ वर्षांचं व्हायला हवं. आमच्या राज्यात म्हाताऱ्यांना पलीकडे सोडत. ते परत नाही आले तर तेवढंच पेन्शन वाचतं. त्यामुळे आमच्या गल्लीत बायका वय लपवत नसत. उलट केव्हा एकदा साठी येते असं झालेलं असे.

तोवर इर्माला एक गोष्ट होती. तिचा पहिला नवरा एर्विन भिंत व्हायच्या आधीच छातीच्या आजाराने गेला होता आणि आमच्या चर्चच्या दफनभूमीत मागच्या रांगेत पुरलेला होता. ती मागची बाजू म्हणजेच सरहद्द. तिथे जायला थडग्याचा पास लागे, आणि तो फक्त जवळच्या नातलगाला. इर्मा दर रविवारी पास दाखवून आत जायची, झारीने फुलांना पाणी घालायची आणि मान वर करायची. भिंतीपलीकडे लोकांनी एक लाकडी मचाण बांधलं होतं, इकडे बघायला. त्यावर लाल रुमाल बांधून मार्लीस उभी असायची.

हात हलवायचा नाही, हाक मारायची नाही. शिपाई शेजारीच उभा. एक बोट जरी वर केलं तरी पास गेला. सहा वर्षं इर्माने कधी एक बोट वर केलं नाही. पाणी घालायची, बघायची, घरी यायची. सोमवारी शिवणकारखान्यात कॉलर लावताना तिचा चेहरा असा असे की जणू सुट्टीत समुद्रावर जाऊन आलीय.

सदुसष्टच्या वसंतात फर्मान आलं की मागच्या रांगा उकरायच्या, वाळूचा पट्टा रुंद करायचाय. एर्विनला शहराच्या टोकाला नेऊन पुरलं.

"तिथे कुणीही जाऊ शकतं," इर्मा मला म्हणाली. "पास लागत नाही, शिपाई नाही. आणि तिथून काहीच दिसत नाही. काय करू मी त्या मोकळ्या जागेचं?"

त्यानंतर दोन आठवडे गेले. मग एका संध्याकाळी मी अंगणात शिडीला साखळी घालत होते. दुसऱ्या मजल्यावरचा ब्रुनो वुट्के चुलीची राख टाकायला खाली आला होता. जन्म कोळशाच्या वखारीत गेलेला, रुंद पाठीचा विधुर, नुकताच पेन्शनीत निघालेला. इर्मा तरातरा जिना उतरून त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"वुट्के, तुमची आल्मा कुठल्या रांगेत आहे?"

"का? काय झालं तिला?"

"तिला आता काय व्हायचंय? रांग विचारतेय."

"पंपाजवळच्या. जरा उंचवटा आहे बघा, तिथे."

"ती रांग ठेवणार आहेत?"

"ठेवणार म्हणाले."

इर्माने एप्रनला हात पुसले. "मग माझ्याशी लग्न करा."

ब्रुनोने माझ्याकडे पाहिलं. "लेम्केबाई, ही काय म्हणतेय?"

"कानात कोळसा गेलाय का?" मी म्हटलं. "लग्न करा म्हणतेय."

"स्वयंपाक मी करीन, मोजे रफू करीन," इर्मा म्हणाली. "पण तुमच्या पासावर बायको म्हणून माझं नाव घालायचं आणि दर रविवारी आल्माकडे जायचं."

ब्रुनोने राखेची बादली खाली ठेवली. "आल्माला काय वाटेल?"

"आल्माला दर आठवड्याला ताजी फुलं मिळतील. तुम्ही वर्षातून एकदा जाता."

"ते खरं आहे," ब्रुनो म्हणाला.

झालं, एवढ्यावर ठरलं. पास देणाऱ्या कारकुनाला मात्र हसू आवरेना. "पहिल्या बायकोच्या थडग्यासाठी दुसरीची एवढी घाई?" इर्मा म्हणाली, "साहेब, मेलेली सवत फार चांगली. उलटून बोलत नाही." त्याने हसत हसत शिक्का मारला. लग्नानंतरही ती दोघं एकमेकांना कित्येक महिने अहोजाहो करत होती. जिन्यातून ऐकू यायचं, "वुट्के, बटाटे वाढू का?" "वाढा, कोसाकबाई, वाढा." मी एकटीच हसायचे.

पंपाजवळच्या उंचवट्यावरून मचाण आधीपेक्षाही नीट दिसे. पहिल्याच रविवारी लाल रुमाल हजर होता. इर्मा परतली तेव्हा तिने मला जिन्यात मिठी मारली, आणि ती मिठी मारणाऱ्यातली बाई नव्हे. मार्लीस थोडी तिरकी उभी राहत होती एवढंच तिला खटकलं. "एका पायावर भार देते हो. दिवसभर दुकानात उभं राहून कंबर गेलीय पोरीची."

आता गंमत बघा. लग्न झालं आणि ब्रुनोला पलीकडे एक नातलग मिळाली. पेन्शनर होताच. म्हणजे जिच्यासाठी सगळा खटाटोप, तिच्या घरी जाऊन कॉफी प्यायची मुभा ब्रुनोला आणि इर्मा इथेच. शरद ऋतूत तो निघाला तेव्हा इर्माने सफरचंदांचा केक, विणलेले मोजे आणि कंबरेला चोळायचं मलम बांधून दिलं.

तो आला तेव्हा मी वर त्यांच्याकडेच होते. इर्माने त्याला कोटसुद्धा काढू दिला नाही.

"कशी आहे?"

"बरी आहे."

"बारीक झालीय?"

"नाही. थोडी भरलीय."

"पडदे कुठल्या रंगाचे आहेत?"

"हिरवे," ब्रुनो म्हणाला आणि पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी तळघराची किल्ली मागायला तो माझ्याकडे आला आणि दार लावून घेतलं. मार्लीस त्या पत्त्यावर नव्हतीच. गोदीत काम करणाऱ्या एका पोराशी लग्न करून ती वसंतातच दूर पश्चिम जर्मनीत, ब्रेमेनला गेली होती. निघण्याआधी आईला कळवायला बसली होती, तेवढ्यात आईचीच चिठ्ठी पोचली. पास परत मिळाला, त्यासाठी मी वुट्केंशी लग्न केलं, आता दर रविवारी तू दिसशील. पोरीचा हात तिथेच थांबला. तिने लग्नाचं कळवलं, पण ब्रेमेनचं नाही. लाल रुमाल गिट्टाच्या हातात देऊन म्हणाली, माझ्या आईसाठी उभी राहशील? पत्रंसुद्धा ब्रेमेनहून गिट्टाकडे येत आणि ती वेडिंगमधून टपालात टाकत असे.

"मग मचाणावर?"

"गिट्टा. तिचा पाय लहानपणापासून अधू आहे. लढाईत घर अंगावर पडलं होतं. मी सांगितलं तिला, सरळ उभी राहा, मार्लीस सरळ उभी राहायची. म्हणाली, जमत नाही मला."

"सांगून टाका इर्माला."

"सांगतो," ब्रुनो म्हणाला. मग किल्ली हातात फिरवत बसला. "पण सांगितलं, तर तिने माझ्याशी केलेल्या लग्नाला काय अर्थ राहिला, सांगा. मी परत दुसऱ्या मजल्यावर जाऊन एकट्याने जेवू?"

मी स्वतःला तोंडाळ म्हणवते, पण त्या दिवशी गप्प बसले आणि पुढेही गप्प बसले. मला त्यात काही चुकलं असं वाटत नाही. तिच्याकडे रविवारशिवाय होतं काय?

पण खोटं चालवायचं म्हणजे रोजची नोकरी झाली. मार्लीसला मुलगी झाली, फोटो आला. इर्मा म्हणे, पोरीला मचाणावर का आणत नाही? ब्रुनो म्हणे, वर वारा फार, बाळाचे कान दुखतात. मग जावई का येत नाही? रविवारी त्याची पाळी असते. दर वर्षी ब्रुनो पलीकडे जाई आणि गिट्टाच्या स्वयंपाकघरात बसून पुढच्या वर्षीच्या थापा ठरवून येई. इर्मा मलम पाठवत राहिली. पुढे लोकरीचा कंबरपट्टा विणून पाठवला. गिट्टा तो वापरायची, ब्रुनो सांगे, खरंच आराम पडला म्हणते. ह्या सगळ्यात केव्हातरी अहोजाहो सुटलं. एकदा जिन्यातून ऐकलं, "ब्रुनो, तुझा मफलर विसरलास." हा माणूस सुखात होता आणि त्याला ते सुख धड भोगता येत नव्हतं.

हिवाळ्यात मचाणावर हाडं गोठवणारा वारा असे. शिपायांच्या टोप्यांवर बर्फ धरे. लाल रुमाल तरी चुकत नसे. "बघ कशी उभी आहे एका पायावर," इर्मा घरी येऊन सांगे. "आता मला ती उभी राहिली की डोळे मिटूनसुद्धा दिसते."

एकाहत्तर साली इर्मा साठ वर्षांची झाली. मी केक केला, शेजारच्या बायकांनी हेव्याने हात दाबले. मला साठीला अजून खूप अवकाश होता. इर्माच्या हातात पासपोर्ट आला आणि ब्रुनोने जेवण टाकलं.

"गाडीत सांगा," मी त्याला म्हटलं. "तिथे तिच्या हाताशी बशा नसतात."

मार्लीसला कळवलं होतं. ती ब्रेमेनहून येणार, लाल रुमाल तीच बांधणार, फलाटावर पुढे तीच उभी राहणार. घरी नेऊन शांतपणे आईला सगळं सांगायचं असं तिने ठरवलं होतं. गिट्टाने यायचंच नाही म्हटलं होतं, पण मार्लीस म्हणाली, चार वर्षं तू उभी राहिलीस, आता मागे का होईना, ये.

पुढचं ब्रुनोने मला सांगितलं तसं सांगते. फ्रीडरिखस्ट्रासच्या स्टेशनात कागद दाखवून ती दोघं गाडीत बसली. गाडी पुलावरून भिंत ओलांडते. इर्माने पहिल्यांदा भिंत वरून पाहिली. भिंत, वाळू, पुन्हा भिंत, संपलं.

"एवढीशीच?" ती म्हणाली.

ब्रुनोने तोंड उघडलं होतं, ते पुन्हा मिटलं.

पलीकडच्या फलाटावर गर्दी होती. मार्लीस लाल रुमाल बांधून अगदी पुढे उभी, हात पुढे केलेले. इर्मा उतरली. तिने लाल रुमालाकडे पाहिलं, अनोळखी बाईकडे पाहावं तसं, आणि "जरा जाऊ द्या" म्हणून तिला वळसा घालून पुढे गेली. मागे खांबाला टेकून, उघड्या डोक्याने, एका पायावर भार देऊन गिट्टा उभी होती. इर्माने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"रुमाल का नाही बांधलास, बाळ? गारठशील."

मागून मार्लीस म्हणाली, "आई."

ब्रुनो म्हणाला, इर्मा वळली, पण हात गिट्टाच्या चेहऱ्यावरून काढायला तिला फार वेळ लागला. तिने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि मग ब्रुनोकडे.

ब्रुनो एकटाच परत आला. इर्मा मुलीबरोबर ब्रेमेनला गेली होती. "येणार का?" मी विचारलं. "विचारलं नाही," तो म्हणाला. परवान्याची मुदत संपत आली तसा तो रोज जिन्यात येऊन बसू लागला, मी पायऱ्या धुवायला निघाले की उठायचा, पुन्हा बसायचा. गल्लीत सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं की ती काही येत नाही. कोण येईल परत, शिडीला साखळी असलेल्या घरात?

मुदतीच्या शेवटच्या दिवशी ती आली. बॅग माझ्या दारात टेकवली आणि खुर्चीवर बसली.

"का आलात?" मी सरळच विचारलं.

"मार्लीस चांगली आहे हो. घर छान, जावई चांगला. नात मांडीवरून उतरत नव्हती. पहिले दोन दिवस आम्ही मायलेकी नुसत्या रडलो." तिने हातमोजे काढले. "पण ती पाठ करून भांडी घासायला लागली ना, की मला वाटायचं, ही बाई कोण? आणि रस्त्यात कुणी लंगडताना दिसली की मी वळून बघत राहायचे. पोटची पोर समोर बसलेली आणि मी खिडकीतून लंगड्या बायका शोधतेय. पोटच्या पोरीला सोडून परकीवर जीव जडला लेम्केबाई माझा, आणि तो परत कसा काढून घ्यायचा ते मला माहीत नाही."

ब्रुनोशी ती रविवारपर्यंत बोलली नाही. रविवारी सकाळी तिने झारी त्याच्या हातात दिली आणि दोघं निघाली. मला वाटलं, आता पूर्वीसारखं सुरू होणार. ती जाणार, गिट्टा उभी राहणार.

मचाणावर गिट्टा होती, उघड्या डोक्याने, कारण रुमाल मार्लीसकडे राहिला होता. वारा होता. इर्माने आल्माच्या फुलांना पाणी घातलं, झारी खाली ठेवली आणि सरळ उभी राहिली. मग तिने हात वर केला. दहा वर्षांत पहिल्यांदा. पूर्ण हात. आणि दारातून मुलांना हाकलतात तशी खूण केली, जा. घरी जा. उभी राहू नकोस.

शिपाई धावत आला. "कुणाला हात करत होता?"

"त्या पोरीला."

"कोण ती तुमची?"

इर्मा म्हणाली, "कुणी नाही. तिचा पाय दुखतो. तिला घरी जायला सांगितलं."

त्याने पास मागितला. तिने आधीच तो खिशातून काढून हातात धरलेला होता. ब्रुनो म्हणाला, दोघं फाटकाबाहेर पडेपर्यंत गिट्टा हलली नाही. नंतर काय झालं ते इथून दिसत नव्हतं.